जड पाण्यातले न्हाणे: शिकेकाई, रिठा आणि इतर पर्यायांचा वर्षभराचा अनुभव

केस धुण्याच्या कोणत्याही वस्तूविषयी मत देण्याआधी आपल्या घरी कोणते पाणी येते हे सांगायला हवे, असे लातूरमध्ये इतकी वर्षे काढल्यावर माझे ठाम मत झाले आहे. आमच्याकडे नळाला मांजरा धरणाचे पाणी आठवड्यातून एकदा येते आणि ते पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी राखून ठेवले जाते. न्हाण्याधुण्याला बोअरचे पाणी वापरावे लागते, आणि ते जड आहे. बंबाच्या आतून, तोट्यांच्या तोंडाशी आणि न्हाणीघराच्या फरशीवर त्याचा पांढरा थर साचतो, साबण लवकर फेसाळत नाही आणि डोके धुऊन झाल्यावर केसांवरून हात फिरवला तर बोटे अडकतात. शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हटले आहे ते हेच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत सूट दिलेली आहे. ही सूट कोणासाठी ठेवली असेल, हे मराठवाड्यात बोअरच्या पाण्यावर जगणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याच्या मोजमापाची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने या शहराला पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात मी माझे कमरेपर्यंतचे केस खांद्यापर्यंत कापून घेतले होते, कारण ते धुवायला पाणी नव्हते. केस पुन्हा वाढले, पण तेव्हापासून डोक्यावरून पाणी घेताना तांबे मोजायची सवय मला लागली, ती आजही सुटलेली नाही. म्हणून गेल्या दसऱ्यापासून वर्षभर शाम्पू बाजूला ठेवून मी ज्या वस्तूंनी केस धुतले, त्यांचा हिशेब वहीत लिहिताना दोनच प्रश्न कायम समोर ठेवले: जड पाण्यात ही वस्तू काम करते का, आणि ती निघून जायला किती पाणी घेते. जाहिरातींत आणि व्हिडिओंत या पर्यायांचे जे कौतुक चालते, त्यात हे दोन प्रश्न मला क्वचितच दिसले.

शाम्पूबद्दल आधी न्यायाने बोलते. जड पाण्यात तो साबणापेक्षा चांगला चालतो. साबण म्हणजे तेलातल्या स्निग्धाम्लांचा क्षार. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याला भेटले की न विरघळणारा साका तयार होतो आणि तो केसांना चिकटून बसतो. शाम्पूतल्या कृत्रिम फेनकांचे, म्हणजे फेस आणून मळ काढणाऱ्या द्रव्यांचे, तसे होत नाही. माझी तक्रार एवढीच होती की तो केसांतले तेल जरुरीपेक्षा जास्त काढून नेतो, त्यावर बोअरचे पाणी पडले की केस झाडूसारखे राठ होतात, मग तो राठपणा घालवायला कंडिशनर लावा आणि तो काढायला पुन्हा पाणी ओता. दोनदा शाम्पू आणि एकदा कंडिशनर लावल्यावर मला चौदा ते पंधरा तांबे पाणी लागायचे. आमचा तांब्या जवळपास लिटरभराचा आहे.

सुट्ट्या वस्तू मी गंजगोलाईतून घेतल्या. या गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि जवळपास प्रत्येक रस्त्याला आपापला व्यापार आहे. त्या गर्दीत काष्ठौषधींचे एक जुने, अरुंद दुकान आहे. पोत्यांत आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी, माका, ब्राह्मी, मेथ्या आणि डब्यांत मला नावेही ठाऊक नसलेल्या मुळ्या. दुकानदार वयस्कर आहेत आणि घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला ते फारसे बोलत नाहीत. पण आपण थांबून विचारले तर हातात माल देऊन शिकवतात. “ताई, शेंग कानाशी धरून वाजवून बघा, मगच पिशवीत टाका,” असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. शिकेकाईची चांगली शेंग तपकिरी, सुरकुतलेली आणि कोरडी असते, हलवली की आतल्या बिया खुळखुळतात. शेंगेवर बारीक भोके दिसली आणि पोत्याच्या तळाशी पीठ साचलेले असले, तर तिला किडीने पोखरले आहे असे समजावे. रिठ्याची साल मधाच्या रंगाची आणि दाबली तर किंचित चिकट असावी. काळा पडलेला, दगडासारखा रिठा फेस कमी देतो. शिकेकाईची काटेरी वेल सह्याद्रीच्या ओल्या रानातली, त्यामुळे आपल्याकडे येणारा माल बाहेरूनच येतो आणि पोत्यात किती दिवस पडून होता यावर त्याचा कस ठरतो. या दुकानाबद्दल माझी तक्रार एकच आहे: माल सुटा असल्यामुळे त्यावर तारीख नसते, म्हणून दरवेळी नव्याने पारखून घ्यावे लागते.

आता मुख्य कृती. माझ्या केसांना एका वेळी शिकेकाईच्या दहा शेंगा, सहा रिठे, आवळकाठीचे पाच-सहा तुकडे आणि अर्धा चमचा मेथ्या पुरतात. रिठे आधी खलबत्त्यात हलकेच फोडून बिया काढते. ती बी काळी, गुळगुळीत आणि गोटीसारखी टणक असते. तिच्यात फेस नसतो, फेस सगळा सालीत. शेंगाही मोडून घेते. हे सगळे रात्री दीड तांब्या पाण्यात भिजत घालते आणि सकाळी मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे उकळते. पातेले मोठे घ्यावे, कारण रिठा दुधासारखा उतू जातो. कोमट झाल्यावर खरे काम सुरू होते. पातेल्यात हात घालून साली कुस्करायच्या. पहिल्या मिनिटात नुसते तपकिरी पाणी असते, मग बोटांच्या फटीतून दाट, बारीक फेस वर यायला लागतो आणि आंबूस, चिंचेच्या जवळ जाणारा वास सुटतो. नंतर जुन्या धोतराच्या फडक्यातून ते गाळायचे आणि फडके पिळून घ्यायचे. साडीचे कापड चालत नाही, त्यातून कण खाली उतरतात. या गाळण्यावर मी इतका भर देते, कारण शिकेकाई लावून निराश झालेल्या बहुतेक जणींनी पावडर पाण्यात कालवून थेट डोक्याला लावलेली असते. मग सालीचे कण केसांत अडकतात, ते काढायला बादल्या ओताव्या लागतात आणि दोन दिवस कंगव्यात भुसा येत राहतो. गाळलेल्या काढ्यात हा त्रास उरत नाही.

लावताना काढा तांब्यातून थेट ओतू नये. केस आधी नीट भिजवून घ्यावेत, मग ओंजळीने किंवा छोट्या वाटीने काढा टाळूवर घेऊन बोटांच्या टोकांनी चोळावे आणि पाच मिनिटे तसेच राहू द्यावे. डोळे घट्ट मिटावेत आणि डोके मागे झुकवून धुवावे. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर भयंकर झोंबते आणि डोळे तासभर लाल राहतात, म्हणून लहान मुलांच्या डोक्याला मी रिठा लावत नाही. त्यांना नुसती शिकेकाई, तीही पातळ. माझ्या वहीतल्या नोंदीप्रमाणे काढा लावल्यावर केस स्वच्छ निघायला सात ते आठ तांबे पाणी लागले, म्हणजे शाम्पू आणि कंडिशनरच्या जवळपास निम्मे.

हे असे का होते, हे समजून घेतले तर वापरताना चुका कमी होतात. रिठ्यात आणि शिकेकाईत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूचा एक भाग तेलाला धरतो आणि दुसरा पाण्याला, म्हणून ती मळ सोडवतात आणि फेस देतात. रिठ्याच्या झाडाचे शास्त्रीय नाव सॅपिंडस आहे, म्हणजे भारतातला साबण. मात्र साबणासारखा सॅपोनिनांचा जड पाण्याशी साका होत नाही. शिवाय शिकेकाईचा काढा किंचित आम्ल असतो आणि त्यात आवळकाठीची भर पडते. जड पाण्याने केसांवर बसणारा क्षारांचा थर थोड्या आम्लाने सुटतो आणि प्रत्येक केसाच्या पृष्ठभागावरचे डोळ्यांना न दिसणारे खवले मिटून केस मऊ लागतात. रिठा एकटा वापरला तर तो तेल ओढून घेतो, केस कोरडे पडतात. शिकेकाई एकटी वापरली तर चोपून लावलेले खोबरेल पूर्ण निघत नाही. दोन्ही मिळून बरोबर काम होते. मी पहिल्या महिन्यात बारा रिठे घेत होते, ती माझी चूक होती. सहावर आल्यावर केस सुधारले. आमच्या सासूबाईंना पैठणी धुवायला रिठ्याचेच पाणी लागते आणि सराफाकडे चांदीचे दागिनेही त्यातच उजळतात. रेशीम आणि चांदी या दोन्ही नाजूक वस्तू ज्या पाण्यात सांभाळल्या जातात, त्यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला नाही.

दोष आहेत, तेही लिहिते. हा काढा टिकत नाही. त्यात टिकवणारे काही नसल्यामुळे उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच आंबतो. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहतो, पण न्हाण्याआधी कोमट करावा लागतो. भिजवणे, उकळणे, गाळणे यात सकाळचा पाऊण तास जातो, म्हणून नोकरी करणाऱ्या बाईला हे रविवारीच जमते. शाम्पूची पुडी एक-दोन रुपयांत मिळते आणि या काढ्याचे एक न्हाणे मला दहा-बारा रुपयांना पडते, तेव्हा हा मार्ग स्वस्त आहे असेही मी म्हणणार नाही. पहिले तीन आठवडे केस जड, तेलकट आणि निर्जीव वाटले. अनेक जणी याच टप्प्यावर सोडून देतात, मीही सोडणार होते. चौथ्या आठवड्यानंतर फरक पडला आणि आता वेणी घालताना कंगवा अडत नाही.

तयार पावडरीबद्दल माझा अनुभव कडू आहे. वेळ वाचावा म्हणून एका कंपनीची, पाकिटावर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असे ठळक छापलेली शिकेकाई पावडर मी घेतली. बोटांत चोळली तर वाळू लागली, पेल्यातल्या पाण्यात टाकून ठेवली तर तळाशी करड्या मातीचा थर बसला, आणि वास गुलाबाच्या अत्तराचा. शिकेकाईला गुलाबाचा वास नसतो. दुसऱ्या एका पाकिटाला फेस इतका भरघोस आला की मी मागची बारीक अक्षरे वाचली आणि तिथे सोडियम लॉरिल सल्फेट होते, म्हणजे शाम्पूतले कृत्रिम फेनक, जे टाळायचे होते तेच. तेव्हापासून पावडर घ्यायचीच असेल तर घटकांची पूर्ण यादी वाचणे आणि चिमूटभर पावडर काचेच्या पेल्यात रात्रभर भिजवून तळ बघणे, या दोन गोष्टी मी केल्याशिवाय राहत नाही. ‘शिकेकाई साबण’ नावाच्या वड्यांबद्दल इतकेच सांगते की त्या शेवटी साबणच आहेत आणि आपल्या बोअरच्या पाण्यात साबणाचे जे होते तेच त्यांचेही होते. केसांवर पांढुरका, मेणचट थर येतो.

डाळीचे पीठ आणि मुलतानी माती यांची शिफारस सगळीकडे होते, पण मराठवाड्यात ती विचारपूर्वक करावी. दोन्ही वस्तू तेल शोषून घेतात, यात शंका नाही. टाळू लख्ख होते. पण माझ्या केसांतून पीठ निघायला मला सतरा तांबे लागले आणि तरी कानामागे गुठळ्या राहिल्या. सासूबाई न्हाणीघराच्या दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, “आगं, किती पाणी घालवायलीस? हे पीठ तव्यावर घातलं असतं तर घरादाराचं जेवण झालं असतं की.” त्यांचे बरोबर होते. पीठ लावायचेच असेल तर ते आंबट ताकात पातळ भिजवून फक्त टाळूवर लावावे, लांबीवर लावू नये, आणि गरम पाणी घेऊ नये, कारण गरम पाण्यात पीठ शिजून चिकटते. मुगाचे पीठ थोडे लवकर निघते. ताकाने केस मऊ होतात, पण वास दिवसभर राहतो आणि बसने प्रवास करायचा असेल तर अवघडल्यासारखे होते. मुलतानी मातीने माझे केस इतके कोरडे झाले की दुसऱ्यांदा ती मी लावली नाही. सासूबाईंच्या लहानपणी औसा तालुक्यातल्या त्यांच्या गावी नदीकाठची काळी माती भिजवून तिने डोके धुवत, आणि ते नदीतच धुवत. वाहत्या पाण्यात पाण्याचा हिशेब ठेवावा लागत नव्हता. ती पद्धत त्या पाण्याबरोबरच गेली.

जास्वंदीची पाने, कोरफडीचा गर, भिजवलेल्या मेथ्या आणि जवसाचा चिकट काढा या चार वस्तू मी एका गटात घालते, कारण त्या धुण्याचे काम फारसे करत नाहीत, मऊपणा देतात. त्यातल्या त्यात जास्वंदीच्या पानांना थोडा फेस येतो आणि तेल न लावलेल्या केसांना तो पुरतो. जवस आपल्याकडच्या रब्बीतले पीक, घरात असतेच. दोन चमचे जवस दोन पेले पाण्यात उकळून गरम असतानाच गाळावे, थंड झाल्यावर ते फडक्यातून उतरत नाही. कंडिशनरच्या जागी मला हे सर्वांत आवडले.

खायच्या सोड्याने डोके धुण्याची जी टूम निघाली आहे, तिच्याविषयी मी स्पष्टपणे नाही म्हणते. टाळूचा सामू, म्हणजे आम्लता मोजणारा पीएच, साधारण ५.५ असतो आणि सोड्याच्या पाण्याचा आठच्या वर जातो. केसांवरचे खवले उघडतात, केस तुटतात, आणि आपले पाणी आधीच अल्कधर्मी असल्यामुळे त्रास आणखी वाढतो. मी एकदाच वापरला आणि उशीवर तुटलेले केस पाहून थांबले. याउलट न्हाणे संपताना तांब्याभर पाण्यात अर्ध्या लिंबाचा रस गाळून शेवटचे पाणी म्हणून ओतणे हा उपाय बोअरच्या पाण्यावर फार गुणकारी आहे. ज्यांना बाकी काहीच जमणार नाही, त्यांनी शाम्पू लावूनही निदान हे करून पाहावे. डोक्यावर ओरखडा किंवा पुळी असेल तर मात्र लिंबू झोंबते.

आपल्या मातीतल्या एका झाडाचा उल्लेख राहू नये. हिंगण दुष्काळातही हिरवे राहते, बांधावर आणि माळावर काटे घेऊन उभे असते. त्याच्या पिकलेल्या फळाच्या, म्हणजे हिंगणबेटाच्या गरातही सॅपोनिन असते आणि पूर्वी त्याने कपडे व रेशीम धूत असत. भावाने गावाहून फळे आणून दिली, तेव्हा चार फळांचा गर कोमट पाण्यात कुस्करून, गाळून मी लावून पाहिला. फेस रिठ्यापेक्षा कमी, वास उग्र आणि गर गाळायला अवघड, कारण तो गोंदासारखा ओढतो. तरी केस स्वच्छ झाले आणि पाणी नऊ तांबे लागले. बाजारात मला ही फळे कुठे मिळाली नाहीत. बांधावरचे हिंगण तोडून टाकण्याआधी आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी आणि बचतगटांनी या फळाकडे एकदा पाहावे, असे मला मनापासून वाटते. शिकेकाई बाहेरून आणावी लागते, हे तर दारात आहे.

एक इशारा आवश्यक आहे. टाळूवर खपल्या, चट्टे किंवा झपाट्याने केस गळणे असेल, किंवा त्वचारोगतज्ज्ञांनी औषधी शाम्पू लिहून दिला असेल, तर तो बंद करून हे प्रयोग करू नयेत. माझ्या नणंदेने तसे केले आणि तिचा कोंडा दुपटीने वाढला. निरोगी टाळू, तेल लावायची सवय आणि रविवारचा मोकळा पाऊण तास एवढे ज्यांच्याकडे आहे, त्यांनी सुट्ट्या शिकेकाई-रिठ्याचा गाळलेला काढा निवडावा, आठवड्याला एकच न्हाणे ठेवावे आणि महिनाभर धीर धरावा. आमच्या घरात आता मी आणि सासूबाई दोघीही यावरच आहोत. मुलगी वसतिगृहात असते, तिथे उकळायची सोय नाही, म्हणून ती शाम्पू लावते आणि शेवटी लिंबाचे पाणी घेते.

फडक्यात उरलेला चोथा टाकू नये. त्याने तांब्याचे घंगाळ घासले की बोअरच्या पाण्याचा पांढरा थर चिंचेशिवाय निघतो आणि नंतर तो चोथा परसात सुकवून ठेवला तर पुढच्या आठवड्यात चांदीच्या समईलाही पुरतो. फक्त त्याचे पाणी मासे असलेल्या हौदात किंवा आडात जाऊ देऊ नये, कारण सॅपोनिन माशांना मारते.